वांकडी शेंबी
(सालेकसा येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



बोलावणें आलें तेव्हां "विद्येचें महत्त्व" ह्या विषयावर दोन शब्द बोला, असें मला सुचविण्यांत आलें होतें. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षां मोठ्या आवाजांत बोलतात. मी आज बैलाच्या शिंगावर बसवावयाच्या पितळी शेंबीवर बोलणार आहें. हंसूं नका. विषय लहान असला तरी त्यांत तीन जातींचें शहाणपण आणि एका मास्तराचें अज्ञान सामावलेलें आहे.

ही ती शेंबी. हातांत घेऊन पहा आणि मागच्या मंडळींकडे द्या. वजन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें पावणेचार तोळ्यांच्या आसपास. आंतून पोकळ, बुडाशीं रुंद, टोंकाशीं निमुळती, आणि मुख्य गोष्ट म्हणजे वांकडी. सपाट पत्र्यापासून ही पोकळ, निमुळती आणि वांकडी वस्तु कशी झाली, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

आमच्या गांवांत एक गोंड शेतकरी आहेत. थोडी धानाची बांधी आणि एक बैलजोडी, एवढा त्यांचा संसार. ट्रॅक्टर आल्यापासून बैल राखणारीं घरें थोडीं उरलीं. परंतु ज्यांनीं राखले त्यांची बैलांवरची माया उलट वाढली आहे. दर पोळ्याला हे गृहस्थ बाजारांतून शेंब्या आणतात, आणि पोळा फुटला कीं त्यांतली एक तरी चिखलांत हरवते. कारण उघड आहे. बाजाराची शेंबी सरळ, नरसाळ्यासारखी. आणि शिंग मुळापासून टोंकापर्यंत वळत गेलेलें. शेंबी टोंकाला आणि एका बाजूला तेवढी टेकते, बाकी सारी पोकळी. बैलानें मान झटकली कीं ती गेली. कोणी डांबर लावतो, कोणी खिळा मारतो. खिळा मारणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, शिंगाच्या वरच्या कवचाआड जिवंत हाड असतें आणि त्यांत रक्त खेळत असतें.

ते मला म्हणाले, "गुरुजी, पोरायले भूमिती शिकवता ना? मंग एक वाकडी शेंबी काढून द्या ना जी."

मीं होकार दिला. मास्तराला नाहीं म्हणतां येत नाहीं, विशेषतः ज्या गोष्टीची त्याला माहिती नसते तिच्याबद्दल.

आधीं सरळ शंकूचा हिशेब सांगतों, कारण तो आपल्यापैकीं पुष्कळांना कोणी सांगितलेला नाहीं, आणि नरसाळें, झारीची चोंच, धुराड्याची टोपी ह्या सगळ्यांना तोच लागतो. भाकरी डोळ्यांपुढें आणा. तिचा चतकोर कापून त्याच्या दोन सरळ कडा जुळविल्या तर उंच, अरुंद शंकू होतो. अर्धी भाकर घेतली तर तोच बसका आणि रुंद तोंडाचा होतो. किती मोठा तुकडा घ्यावा? शंकूच्या तोंडाचा व्यास घ्या, त्याला १८० नीं गुणा आणि कडेच्या तिरक्या लांबीनें भागा. येईल तितक्या अंशांचा तुकडा कापा. समजा, नरसाळ्याचें तोंड २० सेंटिमीटर आणि तिरकी लांबी ३० सेंटिमीटर. २० गुणिले १८० भागिले ३०, म्हणजे १२० अंश. भाकरीचा बरोबर तिसरा हिस्सा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या एका चकतींतून तीन नरसाळीं निघतात. खालचें भोंक २ सेंटिमीटरचें हवें असेल, तर २ हा २० चा दहावा भाग, म्हणून ३० चा दहावा भाग, ३ सेंटिमीटर, तेवढें टोंक आधींच गोल कापून टाकावें. हें सारें कडेला कड भिडवून डाख देणार असाल तर. कडा एकमेकींवर चढवावयाच्या असतील तर अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवावा लागतो, आणि मग तिसरें नरसाळें लहान होतें. हा शोध मला पत्रा कापून झाल्यावर लागला.

हा हिशेब मीं अध्यापक विद्यालयांत पाठ केला, वीस वर्षें मुलांकडून पाठ करवून घेतला, परंतु त्या वीस वर्षांत एकदांही कातरीनें पत्रा कापून पाहिला नव्हता. आतां तो कागद घेऊन मी लोहारदादांच्या शाळेवर गेलों. (त्यांच्या भात्याच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. दोन शाळांत खरी कोणती, तें मी येथें सांगत नाहीं.) त्यांनीं पत्रा कापला, खुंट्यावर मोगरीनें वळवला. शंकू सुंदर झाला. शिंगावर बसला नाहीं.

तेथें आमच्या गांवचे म्हातारे कासारबाबा कल्हईसाठीं कोळसा मागावयास आले होते. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा भंडाऱ्याचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. त्यापूर्वीं आपला हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांतच होता, आणि भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचें गांव. गुंड, गंगाळें, कोपरें तेथून घरोघर जात. पुढें स्टील आलें, प्लॅस्टिक आलें, आणि मुलीच्या लग्नांत गुंड द्यावयाचा तो सुद्धां स्टीलचा झाला. कासारबाबांच्या हातांत आतां कल्हई आणि डागडुजी एवढेंच उरलें आहे. ते माझा कागद पाहून म्हणाले, "व्यास कायले पाह्यजे जी? शिंगाले दोरा गुंडाळा. जेवढा दोरा, तेवढा पत्रा."

मी बावीस सप्तमांशाचा उपासक. मला हें सुचलें नव्हतें. वेढा मोजला कीं व्यासाची गरजच राहत नाहीं, कारण पत्र्याची रुंदी म्हणजे वेढाच. आम्हीं बैलाच्या शिंगाला दर चार सेंटिमीटरवर दोरा गुंडाळून पाहिला. खालीं १२, मग ९, मग ६, टोंकाशीं ३. म्हणजे पत्रा १२ सेंटिमीटर लांब, एका अंगास १२ रुंद, दुसऱ्या अंगास ३. पण बाबांनीं आणखी एक माप घ्यावयास लावलें, आणि सगळी गोम त्यांत होती. शिंगाच्या पाठीवरून, म्हणजे बाहेरच्या वळणानें, दोरा धरला तर तो १४ सेंटिमीटर भरला. पोटावरून, म्हणजे आंतल्या वळणानें, १२. हे दोन सेंटिमीटर कोठून आणावयाचे, हाच सगळा प्रश्न. सरळ शेंबींत दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून ती शिंगाला कधींच नीट बसत नाहीं.

पोकळ वस्तु वांकडी करण्याच्या जुन्या रीति आहेत. एक, सरळ नळी करून तिच्यांत राळ किंवा शिसें भरावें आणि मग वांकवावी, म्हणजे ती चेपत नाहीं. नंतर तापवून भरण काढून टाकावें. लांब, बारीक नळीला ही रीत बरी आहे. आमच्यासारख्या आंखूड व रुंद तोंडाच्या कामाला नाहीं; आंतल्या बाजूस सुरकुत्या पडतात. शिवाय शिशाचा धूर वाईट, आणि शिशाचा कण आंत राहिला व वस्तु पुन्हां तापविली तर तो पितळेला खाऊन टाकतो. दुसरी रीत म्हणजे दोन फांका वेगवेगळ्या ठोकून जोडणें. त्यांत जोड दोन येतात आणि काम दुप्पट होतें. तिसरी ओतकामाची. आपल्या शेजारच्या बस्तरांतले घडवे लोक मातीच्या गाभ्यावर मेणाचा दोरा गुंडाळून, वर माती थापून, मेण वितळवून त्या जागीं धातु ओततात. ती विद्या फार थोर. पण तिची वस्तु जाड व जड होते, आणि बैलानें शिंगावर भार कां वाहावा?

ह्या विचारांत असतां भिलईस कामास असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कांहीं आकृत्या पाठविल्या. त्यांचें मूळ असें. फिनलंड देशांत जन्मलेले हाइकी सेप्पा नांवाचे एक चांदीकाम करणारे कारागीर अमेरिकेंत गेले व सेंट लुईस शहरच्या विद्यापीठांत धातुकामाचे शिक्षक झाले. त्यांनीं पत्रा ठोकून आकार देण्याच्या रीतींचा नीट विचार केला, त्यांना नांवें दिलीं, आणि १९७८ सालीं ग्रंथ लिहून सगळें उघड करून टाकलें. त्यांच्या शिकवणींत निमुळत्या, वांकड्या, पोकळ नळीची एक रीत आहे, आणि तिचें बीज हें कीं, नळी आधीं करून मग वांकवावयाची नाहीं; पत्रा उघडा असतांनाच त्याला वळण द्यावयाचें आणि मग मिटावयाचा.

मीं त्या आकृत्या कासारबाबांपुढें ठेवल्या. पत्र्याचे दोन प्रकारचे फुगवटे तेथें काढले होते. एकांत पत्रा आडवा आणि उभा एकाच बाजूला वळलेला. दुसऱ्यांत आडवा एका बाजूला आणि उभा उलट बाजूला, खोगिरासारखा. त्यांचीं इंग्रजी नांवें मला उच्चारतां येईनात. बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग उठले, घरांत गेले, आणि आपल्या आईच्या वेळचा पितळी गुंड घेऊन आले. पोटावर हात ठेवून म्हणाले, "हे एक." मानेवर हात ठेवून म्हणाले, "अन हे दुसरं."

बंधुहो, मी त्या क्षणीं गप्प झालों. गुंडाचें पोट उभें-आडवें सारखेंच बाहेर फुगतें. मान मात्र आडवी गोल आणि उभी आंत खेंचलेली. मानेचा मधला घेर लहान, वरचा कांठ मोठा, खालचा खांदाही मोठा. आतां त्या मानेची एक फांक मनानें कापा आणि तिचा कांठ व खांदा बाहेरच्या बाजूनें एकमेकांस भिडवा. काय झालें? वांकडी नळी झाली; लहान घेर आंतल्या वळणाला, मोठा बाहेरच्या वळणाला. आमचे ते दोन सेंटिमीटर गुंडाच्या मानेंत होते. जी रीत आम्हीं परदेशची नवी म्हणून वाचली, तिचें अर्धें काम ह्या म्हाताऱ्याचा हात जन्मभर करीत आला होता. फक्त त्यानें ती मान कधीं सुटी करून पाहिली नव्हती, आणि त्याला ती कोणी विचारलीही नव्हती.

तरी लगेच जमलें असें नाहीं. तीन पत्रे वाया गेले. ते कसे गेले तें सांगतों, म्हणजे तुमचे जाणार नाहींत.

लोहारदादांनीं एक जाड सळई तापवून नागमोडी वांकविली व खोडांत ठोकून बसविली. तिच्या खोलगट भागावर पत्रा असा ठेवावयाचा कीं त्याची लांबी सळईच्या आडवी येईल. हातोडीचें तोंड अरुंद व गुळगुळीत हवें. तीक्ष्ण असेल तर पत्र्यावर चरे पडतात. ठोके कडेपासून सुरू करावयाचे. एक ओळ ह्या कडेची, एक त्या कडेची, आणि असें करीत मध्याकडे यावयाचें. मी अर्थातच मध्यापासून सुरुवात केली, कारण मुलांना घडी घालावयास मी तसेंच शिकवितों. मध्याला वळण येऊन गेलें आणि कडा सरळच राहिल्या. मिटतांना जोडावर आंब्याच्या कोयीसारखी धार उभी राहिली. नळी मिटत आली कीं कडांना वळण देण्यास हातोडी आंत जातच नाहीं. हा पहिला पत्रा.

दुसरा लोहारदादांच्या तरण्या मुलाच्या घाईनें गेला. ठोकलेलें पितळ कडक होत जातें. तें पुन्हां तापवून नरम केल्याखेरीज पुढें ठोकलें तर जी कड ताणली जात असते, तिलाच केसासारखी चीर पडते. बाबा कानानें ओळखतात. नरम पत्र्यावर ठोका "थप" बोलतो, कडक झाला कीं "टण" बोलूं लागतो. टण म्हटलें कीं ताव द्या. एका शेंबीला आम्हांला पांच ताव लागले. ताव द्यावयाचा तो अंधाऱ्या जागीं. पत्र्यावर मंद लाली दिसली कीं पुरे. पितळ उजळ लाल करून पांढरा धूर निघूं लागला तर त्यांतलें जस्त उडून चाललें आहे, आणि तो धूर तुमच्या छातींत चालला आहे, असें समजा. तांबें लाल असतांना पाण्यांत टाकलें तरी चालतें. पितळेची लाली आधीं जाऊं द्यावी. मग चिंचेच्या पाण्यांत टाकून काळेपण काढावें.

किती ताणावें, हें कसें कळावयाचें? ह्याचें उत्तर माझ्या सातवींतल्या एका मुलीनें दिलें. ती बाबांची नात. आजोबांनीं तिला हातोडीला कधीं हात लावूं दिला नव्हता. बायकांनीं भांडीं घासावींत, घडवूं नयेत, असा त्यांच्या घरचा रिवाज. तिनें पत्र्याच्या मापाचा कागद घेतला, शिवणारी बाई चोळीच्या गळ्याला कातरे देते तसे त्याच्या दोन्ही कडांना बारीक कातरे दिले, आणि कागद शिंगावर पोटाच्या बाजूनें गुंडाळला. पाठीवर कागदाच्या कडा आल्या आणि कातरे पंख्यासारखे उघडले. उघडलेल्या फटींची बेरीज केली तर ती दोन सेंटिमीटर! कोठें फट मोठी, तेथें जास्त ताणावयाचें. कोठें लहान, तेथें कमी. भूमितीच्या पुस्तकांत मला हें कोठेंही आढळलें नव्हतें. बाबा कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तिच्यासाठीं हलकी हातोडी काढून ठेवली होती.

तिसरा पत्रा जोडांत गेला. निमुळत्या वस्तूला बांधलेली तार ताव लागतांच बारीक टोंकाकडे घसरते आणि जोड उघडतो. ही गोष्ट आमच्या तिघांपैकीं कोणालाच येईना. तेव्हां सोनारकाकांना बोलवावें लागलें, आणि खरी अडचण येथें आली.

कारण सोनारकाका लोहाराच्या शाळेंत यावयास तयार नव्हते. बाबा पहिल्या दिवशीं म्हणालेच होते कीं, पितळ हें कासाराचें, लोहाराच्या पोरानें त्याला कां हात लावावा. लोहारदादा म्हणाले, सळई माझी, मग ती माझ्याच शाळेंत राहील. एकाच गल्लींत तीन भट्ट्या, तिन्हींत विस्तव, आणि एकाला दुसऱ्याची रीत ठाऊक नाहीं! पुन्हां तिघेही आपापल्या जागीं तक्रार करतात कीं, शिकलेले लोक आम्हांला खालचे समजतात. तक्रार खरी आहे. ज्या विद्येनें हाताला माती लागते ती हलकी आणि जी नुसत्या तोंडानें होते ती श्रेष्ठ, हा उलटा न्याय भिक्षुकशाहीनें ह्या देशांत रूढ केला. पण भिक्षुकानें आपली पोथी जशी दुसऱ्यापासून लपविली, तशीच आपणही आपली डाख लपविली, हें मीं त्या तिघांना बोलून दाखविलें. त्यांना राग आला. लोहारदादा दोन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत. शेवटीं ज्यांचे बैल, ते गोंड शेतकरीच सोनारकाकांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "पोळा आठ दिवसांवर आला जी." काका उठले.

त्यांनीं आल्याबरोबर पाहिलें आणि हंसले. तारांचे सुटे वेढे घालूं नयेत. सगळे वेढे एका उभ्या तारेला अडकवून ती तार रुंद तोंडाच्या कांठाशीं पक्की करावी, म्हणजे एकही वेढा घसरत नाहीं. डाख रुप्याचा, पितळ सुमारें ९०० अंशांच्या वर वितळतें, हा त्याच्या बराच आधीं. कॅडमियम घातलेला डाख बाजारांत मिळतो, त्याचा धूर विषारी. तो घेऊं नये. जोडावर टाकणखाराचें पाणी. आणि ताव प्रथम रुंद अंगास, कारण तेथें धातु जास्त. बारीक टोंक आपोआप तापतें, आधीं त्याच्यावर जाळ धरलात तर तें वितळून जाईल. आणखी एक गोष्ट त्यांनीं बजावली ती सर्वांनीं लक्षांत ठेवा. पोकळ वस्तूचें तोंड सर्व बाजूंनीं बंद करून ती कधींही तापवूं नये. आंतली हवा किंवा ओल फुगून ती फुटते. म्हणून शेंबीच्या टोंकाला जें बोंड बसविलें आहे त्याच्या खालीं बारीक छिद्र ठेवलेलें तुम्हांला दिसेल.

चौथी शेंबी बसली. जोड पाठीवर, बाहेरच्या वळणाला आहे. नख फिरवून शोधा, मठारल्यावर तो सहज सांपडत नाहीं. कांठ बाहेर वळवून बोथट केला आहे, आणि आंत सुती कापडाची पट्टी. पोळ्याच्या दिवशीं त्या जोडीनें मान झटकली, शिंगें आपटलीं, एकमेकांशीं झोंबी सुद्धां केली, शेंब्या जाग्यावर. मात्र एक सांगतों, डावी उजव्याला चालत नाहीं. कोणत्याही बैलाचीं दोन शिंगें तंतोतंत सारखीं नसतात. प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि त्यावर बैलाचें नांव व बाजू लिहून ठेवावी.

आतां पोट भरेल काय, हा तुमच्या मनांतला प्रश्न. नुसत्या शेंब्यांवर नाहीं भरणार. पोळा वर्षांतून एकदांच येतो. पण जो हात ही करतो तो झारीची चोंच करील, दाराची मूठ करील, काठीची शेंबी करील, दिव्याचा बांक करील, आणि पुढेंमागें शिंग-तुतारीचा तुकडाही करील. लोहारदादांच्या मुलाला हें काम पुढें नीट शिकावयाचें होतें म्हणून मी त्याला घेऊन एका कचेरींत गेलों. तेथल्या गृहस्थांनीं विचारलें, तुम्ही लोहार, मग पितळेचें शिक्षण कसें मागतां? मला तेव्हां आमच्या कासारबाबांची आठवण झाली; ते निदान अंगणांत बसून बोलत होते, हे पंख्याखालीं बसून तेंच बोलत होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें विश्वकर्मा नांवाची योजना सुरू केली, तींत लोहार, सोनार, सुतार, कुंभार असे अठरा धंदे धरले, पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण, रोजचे ५०० रुपये आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपये ठेवले. मिळत असेल तें अवश्य घ्यावें, लाजूं नये. तो आपलाच पैसा आहे. पण पांच दिवसांत कागद मिळतो, कान मिळत नाहीं. थप आणि टण यांतला फरक ज्याच्या घरीं आहे, त्याच्याजवळच बसावें लागतें.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळांत शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें आणि तें प्रत्यक्ष शिकविण्यासाठीं लहानशी नमुन्याची शेती जोडीला असावी, अशी मागणी केली होती. सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं बडोद्यास कलाभवन काढलें, तेथें हुन्नर शास्त्रासह आणि देशी भाषेंतून शिकविण्यावर भर होता. ह्या गोष्टी होऊन सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, आणि मी शंकू शिकवितों तो अजून फळ्यावर! मीं एवढें केलें आहे कीं, आतां सातवीच्या मुलांना शंकूचा धडा लोहारदादांच्या शाळेंत देतों. आठवड्यांतून एक तास. वरिष्ठांना पसंत पडेल कीं नाहीं, तें पुढें पाहूं. मुलें कागदाऐवजीं ह्या पत्राचे जुने अंक कापतात, ह्याबद्दल संपादकांनीं क्षमा करावी. अंक आधीं वाचून घेतलेले असतात.

कासारबाबांचें सांगणें मीं वहींत लिहून काढलें आहे. त्यांची नात तें तपासते, आणि मीं "हातोडीनें प्रहार करावा" असें कांहीं लिहिलें कीं तें खोडून "ठोकावें" असें लिहिते. सोनारकाकांनीं डाखाचें प्रमाण अजून दिलेलें नाहीं. देतो म्हणाले आहेत.

बाहेर ओसरीवर आडव्या-उभ्या मापांचे कागद ठेवले आहेत, ज्याला हवा त्यानें न्यावा. दोरा घरचा वापरा, ताणला जाणारा घेऊं नका. माप संध्याकाळीं, बैल पोटभर खाऊन दावणीला उभा असतांना घ्यावें. शिंग धन्यानेंच धरावें आणि दोरा दुसऱ्यानें गुंडाळावा. मास्तरानें शिंग धरूं नये. कां, तें माझ्या डाव्या बरगडीला विचारा.